पाण्यात पडलेले बदक

अरबी वाळवंटातल्या हफ्र अल बातिनला पाऊस झाला की माणसे कामधंदा टाकून पाणी पाहायला जात. नुसते पाहायला. वादीच्या, म्हणजे एरवी कोरड्या असणाऱ्या नदीपात्राच्या, कडेला गाड्या उभ्या करून, चहाचा थर्मास मध्ये ठेवून, बायकामुलांसह ती तासन्तास त्या गढूळ पाण्याकडे बघत बसत. कोकणात वाढलेल्या मला त्याचे पहिल्या वर्षी हसू आले होते. आमच्या गावी पाणी चार महिने अंगणात येऊन बसते आणि कोणी त्याच्याकडे ढुंकून पाहत नाही. पण ज्या हिवाळ्याविषयी मला लिहायचे आहे त्या हिवाळ्यात मीही त्या कडेला उभा राहून पाणी पाहिले, आणि मला हसू आले नाही. एरवी ट्रक धावत असत त्या कोरड्या पात्रातून खरोखरीची नदी चालली होती. संथ, मातकट, मधूनमधून बुडालेल्या झुडपांचे शेंडे दाखवणारी. आणि तिच्यावर कुठल्याशा थंड मुलखातून आलेली रानबदके उतरली होती.

मी तेव्हा सतरा वर्षांचा होतो. दहावीपर्यंत गावच्या मराठी शाळेत शिकलो होतो. त्यानंतर अब्बांनी अम्मीला आणि मला बोलावून घेतले होते. अब्बा सरकारी इस्पितळात लॅब टेक्निशियन होते, पण तिथे इस्पितळात काम करणाऱ्या प्रत्येकाला लोक ‘दक्तूर’ म्हणत, आणि अब्बांनी ती चूक दुरुस्त करण्याचा नाद फार पूर्वीच सोडून दिला होता. दोन खोल्यांचे आमचे घर जुन्या वस्तीत होते. वाळवंटातली थंडी त्या घराच्या भिंतींतून आत येई. रॉकेलचा हीटर मधल्या खोलीत पेटलेला असे आणि त्याच्या डोक्यावर अम्मी पाण्याचे पातेले ठेवी. ते दिवसभर सुंसुं करत राही. अम्मीने गावाहून आणलेल्या कोलिमाचा, म्हणजे सुकवलेल्या बारीक कोळंबीचा वास, हीटरचा वास आणि अब्बांच्या कपड्यांना येणारा स्पिरिटचा वास असे तीन वास त्या घरात एकमेकांत मिसळलेले असत. तांदळाची भाकरी अम्मी सकाळी थापायची आणि रात्री मात्र आम्ही कोपऱ्यावरच्या भट्टीतला गरम खुबूस आणत असू. आज जेद्दाच्या माझ्या घरात गॅसची शेगडी आहे, वातानुकूलन आहे, आणि माझी मुले कोलिमाचा डबा उघडला की इंग्रजीत तक्रार करत खिडक्या उघडतात.

त्या हिवाळ्यात आमच्याकडे हुसैनचाचा राहायला आला. अब्बांचा धाकटा भाऊ. तो शटरिंगचा सुतार होता आणि ज्या कंपनीत होता तिचे तिथले बांधकाम संपले होते. कंपनीने आपली माणसे परत पाठवायला सुरुवात केली होती. परदेशातून आलेल्या माणसाचे तिथले राहणे कोणा एकाच्या नावावर असते. तो कफील. जुन्या कफीलाने सोडले आणि इकाम्याची, म्हणजे राहण्याच्या परवान्याची, मुदत संपायच्या आत नवा मिळाला नाही, तर माणसाला गाव गाठावा लागतो. चाचाच्या हातात थोडे आठवडे उरले होते. गावी त्याने घराचा चौथरा बांधून ठेवला होता, आणि त्याची बायको झुलेखाचाची माहेरी राहून त्या चौथऱ्यावर भिंती उभ्या राहण्याची वाट पाहत होती. परत गेला असता तर दुसरा व्हिसा मिळण्याची आशा फारशी नव्हती. हे घरात सगळ्यांना माहीत होते आणि त्याविषयी कोणी बोलत नव्हते.

चाचा बोलत असे ते इतर सगळ्या गोष्टींविषयी. तो आल्यापासून घराला आवाज आला. त्याने आल्याआल्या लोखंडी पट्टीची खोवणी करून अम्मीला दिली, न लागणारे दार लागेलसे केले, आणि अब्बांना, माझ्या त्या मितभाषी अब्बांना, जेवताना ठसका लागेपर्यंत हसवले. मला ते हसणे फार लागले. मी येऊन दोन वर्षे झाली होती आणि माझ्या कुठल्याही बोलण्यावर अब्बा तसे हसले नव्हते. हे मी आज लिहू शकतो. तेव्हा मला एवढेच कळत होते की चाचा आला की मी पुस्तक घेऊन आतल्या खोलीत जातो.

पुस्तक धर्मशास्त्राचे असे. पुढच्या शिक्षणाची सोय नव्हती म्हणून अब्बांनी मला मशिदीत संध्याकाळच्या वर्गाला घातले होते. एक सुदानी शिक्षक आम्हाला अरबी आणि रोजच्या व्यवहारातले धर्मनियम शिकवत. मी हुशार होतो. दोन वर्षांत मी अशी अरबी बोलू लागलो की दुकानदार मान वर करून पाहत. जे जे शिकलो ते ते मला घरातल्या माणसांत दुरुस्त करावेसे वाटू लागले. अम्मीचे नमाजाआधी हातपाय धुणे, म्हणजे वुजू, अब्बांचे नमाजातले घाईतले वाकणे, म्हणजे रुकू, काही काही माझ्या नजरेतून सुटत नसे. चाचाने हे पहिल्या दोन दिवसांत ओळखले आणि माझे नाव मौलवी ठेवले.

“भाभी, भाकरी मौलवीला दाखवून घे गं,” तो स्वयंपाकघरात डोकावून म्हणे. “गोल नसली तर हराम व्हायची.”

अम्मी हसे, अब्बा हसत, आणि माझ्या कानांच्या पाळ्या तापत.

अबू नायफ इस्पितळाच्या कचेरीत वरच्या जागेवर होता. शहराबाहेर त्याचा मेंढ्यांचा वाडा होता आणि बाजारात सुतारकामाचे दुकान काढायचे त्याच्या मनात होते. अब्बांनी त्याच्यापाशी चाचाचा विषय काढला. तो ‘इन्शाअल्लाह’ म्हणाला, आणि तिथे ह्या शब्दाचे कितीतरी अर्थ असतात. पण त्याने लगेच पुढे विचारले, तुझा भाऊ पाण्यातला माणूस आहे ना? वादी भरली आहे, बदके आली आहेत, आम्ही कश्ताला चाललो आहोत, त्याला घेऊन ये. कश्ता म्हणजे थंडीच्या दिवसांत वाळवंटात तंबू ठोकून राहणे. अब्बांना त्यातला अर्थ बरोबर कळला. त्या लोकांत ज्याला नावावर घ्यायचे त्याच्याबरोबर एकदा तंबूत राहून, एका ताटात जेवून पाहण्याची रीत आहे. घरी येऊन त्यांनी चाचाला सांगितले. चाचा म्हणाला, “भाई, मग तराफाच करतो. शेखाला नदीवरून मिरवू.”

त्याने ट्रकच्या जुन्या ट्यूब आणल्या, पंक्चरवाल्याकडे फुगवून घेतल्या, कंपनीच्या आवारातून टाकाऊ प्लायचे तुकडे मागून आणले आणि आमच्या गल्लीत बसून तो तराफा बांधला. खाडीवर होड्या ज्या गाठींनी बांधतात त्या गाठी. गल्लीतली मुले भोवती गोळा झाली. दोर आवळताना रबर कुंईकुंई करी आणि चाचा तसाच आवाज काढून त्यांना हसवी. मी खिडकीतून पाहत होतो. त्याने एकदा हाक मारली, “मौलवी, ये रे, एक टोक धर.” मी म्हणालो, मला धडा पाठ करायचा आहे. ते खरेही होते. त्याच आठवड्यात आमचे प्रकरण शिकारीचे आणि जबीहाचे चालले होते: जनावर जिवंत असताना अल्लाहचे नाव घेऊन त्याच्या गळ्यावर सुरी फिरली पाहिजे, शिकार कशी हलाल होते, कशी होत नाही. त्यातला एक नियम मला विशेष आवडला होता, कारण तो बारीक होता. शिकार केलेले पाखरू पाण्यात पडले आणि मेलेले सापडले तर ते खायचे नाही. कारण ते बंदुकीने मेले की बुडून, हे कोण सांगणार? जिथे शंका आहे तिथे हात मागे घ्यायचा.

आम्ही सकाळी निघालो. पिकअपवर तराफा उलटा बांधलेला. अब्बा आणि अबू नायफचे म्हातारे वडील एका गाडीत बसून, खाली जिथे पात्र रुंद होते तिथे तंबू लावायला गेले. त्यांच्याबरोबर अबू नायफचे दोनतीन नातलग होते. आम्ही तिघे, म्हणजे अबू नायफ, चाचा आणि मी, वरच्या अंगाला पाण्यात उतरलो. वारा असा होता की कानशिले दुखत. अबू नायफने जाड लोकरी अंगरख्यावर दुनळी बंदूक आडवी धरली होती आणि तो एखाद्या लग्नाच्या मंचावर बसावे तसा तराफ्यावर बसला. चाचा पुढे गुडघ्यांवर, हातात लांब वासा.

“मौलवीसाहेब, मधे बसा,” तो मला आमच्या भाषेत म्हणाला. “तुमच्या इल्माचा भार एका बाजूला झाला तर शेख पाण्यात जायचा.”

अबू नायफने विचारले, काय म्हणतो? मी म्हणालो, काही नाही.

त्या प्रवासाचा पहिला भाग माझ्या आयुष्यातल्या सुंदर गोष्टींपैकी एक आहे, आणि तो तसा आठवायचा मला हक्क आहे की नाही हे मी ठरवू शकलेलो नाही. दोन्ही बाजूंना मैलोन्मैल उजाड वाळवंट, आणि मध्ये आम्ही पाण्यावरून आवाज न करता चाललो होतो. पावसानंतर खडकाळ माळावर हिरवळीची नुसती झाक आली होती. उंट कडेला येऊन मान लांबवून पाणी पीत होते आणि आमच्याकडे अविश्वासाने बघत होते. चाचा वासा टेकवी, काढी, टेकवी. खांद्याची ती एकच संथ हालचाल. त्याचे हे रूप मी कधी पाहिले नव्हते. पहिल्या वळणावर मात्र प्रवाहाने तराफा गर्रकन फिरवला आणि अबू नायफने बंदूक मांडीवर सोडून चाचाची कॉलर धरली.

“खलास! खलास! मला उतरव!”

“शेख, कप्तान अजून जिवंत हाय,” चाचा आपल्या मोडक्यातोडक्या अरबीत म्हणाला, आणि अबू नायफ भिऊन भिऊन हसू लागला. त्याला काठाला लावल्यावरही तो हसत होता. ह्यानंतर मी जमिनीवरून येतो, तुम्ही पाण्यातून या, असे म्हणून तो काठाकाठाने चालू लागला. चाचा मला म्हणाला, “हसला रे. हसला म्हणजे झालं.” त्याच्या डोळ्यांत मी पहिल्यांदा त्याची भीती पाहिली. ती काम झाल्यासारखी थोडी सैल पडली होती.

बंदुकीचे आवाज पुढून येऊ लागले. काठावर पडलेली बदके अबू नायफ स्वतःच उचलून त्यांच्या गळ्यावर सुरी फिरवत होता. मग एक बदक, उडता उडता एका बाजूला कलून, आमच्यापुढे बऱ्याच अंतरावर पाण्यात पडले. ते पंख आपटत होते. अबू नायफ काठावरून ओरडला, “यल्ला, हुसैन, यल्ला!” चाचाने वासा रेटला. आणि तराफा बुडालेल्या झुडपांत अडकला. त्याने वासा मला दिला, प्लायवर पालथा पडला आणि दोन्ही हात खांद्यापर्यंत पाण्यात घालून फांद्या बाजूला करू लागला. ते पाणी किती थंड होते हे मला माहीत नव्हते, कारण माझे हात कोरडे होते. वेळ गेला. बदकाचे पंख आपटणे थांबले. आम्ही सुटलो, त्याच्यापाशी पोचलो तेव्हा त्याची मान पाण्याखाली होती. चाचाने ते उचलले. माझ्याकडे त्याची पाठ होती. त्याच्या कोपराखालून मला लोंबणारी मान दिसली आणि चोचीतून गळणारे पाणी दिसले. मग “बिस्मिल्लाही, अल्लाहू अकबर” हे शब्द, सुरी, आणि प्लायवर थोडे रक्त.

“चाचा, ते मेलं होतं ना?” मी म्हणालो.

“वासा धर नीट, मेल्या,” तो काकडत म्हणाला. “पलीकडे चाललाय तराफा.”

तो माझा प्रश्न ऐकून असे म्हणाला, की न ऐकता, हे मला सांगता येत नाही. तेव्हा मात्र मला उत्तर मिळाले असेच वाटले होते.

तंबूपाशी पोचेपर्यंत उन्हे उतरली होती. अबू नायफने चाचाला शेकोटीजवळ बसवले, त्याच्या खांद्यावर स्वतःचा अंगरखा टाकला आणि सगळ्यांना वळणावरची हकीगत स्वतःवर विनोद करत सांगितली. नातलग खदखदून हसले. अब्बा हसले. कोणीतरी बदके साफ केली आणि सगळी एकाच हंड्यात भातावर चढवली. ह्या सर्व वेळात मी अब्बांपाशी जाऊ शकलो असतो. चाचापाशी जाऊ शकलो असतो. तो शेकोटीजवळ हात चोळत बसला होता आणि त्याच्या शेजारची जागा रिकामी होती. मी गेलो नाही. मी मनातल्या मनात तो नियम अरबीत पुन्हा पुन्हा म्हणून पाहत होतो, आणि खरे सांगायचे तर शब्द किती स्वच्छ येतात ह्याचे मला सुख वाटत होते.

सूर्य बुडाल्यावरच्या, मगरिबच्या नमाजानंतर मोठे ताट मध्ये आले. वाफाळणारा भात, त्यावर बदके. आम्ही भोवती बसलो, बाह्या सारल्या. तेव्हा अबू नायफच्या वडिलांनी, कसलाही संशय नसताना, म्हाताऱ्या माणसाच्या सहज सवयीने विचारले, “पाण्यातून आणलेले कोणते? ते जिवंत हाती लागले होते ना?”

“अल्हम्दुलिल्लाह, जिवंत,” चाचा म्हणाला.

आणि मी म्हणालो, “नाही.”

माझी अरबी त्या दिवशी फार चांगली झाली. त्याची मान पाण्याखाली होती, चोचीतून पाणी गळत होते, मी पाहिले, आणि अशा पाखराविषयी नियम असा असा आहे. ताटावर पुढे झालेले हात मागे गेले. अबू नायफने शांतपणे विचारले, “मुला, तू नक्की पाहिलेस?”

“वल्लाह, पाहिले,” मी शपथ घेतली.

सगळ्यांनी चाचाकडे पाहिले. चाचाने माझ्याकडे पाहिले. त्यात राग असता तर मी आज हे प्रकरण वेगळे लिहिले असते. मग मान खाली घालून तो म्हणाला, “पोर म्हणतो तर तसंच असेल.”

कोणते बदक पाण्यातले आणि कोणते काठावरचे हे हंड्यातून काढल्यावर कोण सांगणार? अबू नायफ उठला, त्याने आणि त्याच्या एका भावाने ते ताट दोन बाजूंनी उचलले आणि लांब नेऊन वाळूत पालथे केले. मग आम्ही खुबूस, चीज आणि डब्यातले मासे खाल्ले. कोणी चाचाला एक शब्द बोलले नाही. पाहुण्याला बोलत नाहीत. म्हाताऱ्याने मला जवळ बोलावून माझ्या डोक्याचे चुंबन घेतले आणि अब्बांना म्हणाला, “दक्तूर, तुझ्या मुलाला अल्लाहचे भय आहे.” अब्बांनी मान लववली. चाचाने अबू नायफचा अंगरखा घडी करून हलकेच त्याच्या उशीपाशी ठेवला.

घरी आल्यावर अब्बांनी अम्मीला सगळे सांगितले. पोराने चार माणसांत सत्याची गोष्ट बोलून दाखवली, असे ते म्हणाले खरे, पण त्यांचा आवाज वाक्याच्या शेवटपर्यंत टिकला नाही. चाचा बाहेर तराफ्याचे दोर सोडत होता. अम्मी कांदा चिरत होती. तिने मान वर न करता मला विचारले, “हंडा चुलीवर चढायच्या आधी त्याच्या कानात सांगायला तुला तोंड नव्हतं का रे?”

माझ्याजवळ उत्तर होते. प्रश्न विचारला गेल्यावर सत्य लपवणे हा गुन्हा आहे, असे मी म्हणालो. तिने पुन्हा विचारले नाही. ज्या प्रश्नाला मी उत्तर दिले तो तिचा प्रश्न नव्हता, हे समजायला मला कितीतरी वर्षे लागली. मी अल्लाहसाठी बोललो, असे मी स्वतःला सांगत आलो. पण चाचाला मला मौलवी म्हणता यायला नको होते, आणि अब्बांना त्याच्या बोलण्यावर हसता यायला नको होते, हेही त्या ‘नाही’मध्ये होते. किती होते ते अल्लाहला ठाऊक. नियम खरा होता. आजही खरा आहे. मी आजही तसे पाखरू खाणार नाही. म्हणूनच ह्या गोष्टीचा पश्चात्ताप मला नीट करता येत नाही. कशाची क्षमा मागायची तेच हाताला लागत नाही.

अबू नायफ नाही म्हणाला नाही. इन्शाअल्लाह म्हणत राहिला. मग उद्या म्हणू लागला. मग कळले की त्याने सुतारकामाच्या दुकानासाठी एक इजिप्शियन घेतला. दुकानाच्या चाव्या ज्याच्या हाती द्यायच्या त्याने जेवणाच्या ताटावर खोटे सांगितले होते, निदान अबू नायफला तसे समजले होते, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केले असते. इकामा संपला. चाचाच्या पासपोर्टवर कायमचे परत जाण्याचा शिक्का बसला. दम्मामच्या बसपाशी त्याने अब्बांना मिठी मारली, माझ्या पाठीवर थाप दिली आणि म्हणाला, “अभ्यास कर, रफीक.” कश्ताहून आल्यापासून तो मला नावाने हाक मारू लागला होता. त्याला दुसरा व्हिसा मिळाला नाही. चौथरा तसाच राहिला. चिपळूणकडे दुसऱ्यांच्या इमारतींचे शटरिंग ठोकत त्याची उमर गेली, आणि झुलेखाचाची शेवटपर्यंत माहेरच्याच घरात राहिली. गावी गेलो की मी त्याला भेटत असे. तो कोंबडी कापायला लावी, मुलांची चौकशी करी. त्या दिवसाचा विषय त्याने काढला नाही, मग मीही काढला नाही.

गेल्या हिवाळ्यात तो उमऱ्याच्या यात्रेला आला. गावातल्या लोकांचा जथा होता. परतीच्या आदल्या दिवशी ते सगळे जेद्दाला, बलद ह्या जुन्या भागातल्या ज्या लहानशा हॉटेलात मी काम पाहतो तिथेच उतरले होते. दुसऱ्या दिवशी, निघायच्या आधी, मी त्याला घरी जेवायला आणले. उमऱ्यानंतर डोके भादरलेले, अंग वाळलेले, हसणे तेच. जेवताना माझा धाकटा मुलगा मोबाइलवर मित्रांच्या कश्ताचे फोटो पाहत होता. रंगीत दिव्यांचे तंबू, जनरेटर, मोठमोठ्या गाड्या. त्याने चाचाला ते दाखवले आणि हिंदीत म्हणाला, “दादा, आप कभी गए थे ऐसे?”

“गेलो होतो की,” चाचा म्हणाला. “तुझ्या बापाबरोबर. बोट होती आमची.”

मुलगा उठून गेल्यावर मी विचारले. इतक्या वर्षांनंतर विचारायला फार शब्द लागले नाहीत. “चाचा, ते बदक जिवंत होतं?”

त्याने ताटातली शिते बोटांनी गोळा केली. जणू मी कालची गोष्ट विचारत होतो.

“मला कळलं नाय रे,” तो म्हणाला. “हात माझे बधिर झालेले. पाखरू धरलं ते हातात हललं. आता हललं ते पाखरू, की माझा हात थरथरत होता, ते कसं सांगू? मला वाटलं हललं. म्हणून बिस्मिल्ला म्हटलं.”

“मग तेव्हा हे का नाही सांगितलंस?”

“कोणाला? तू वल्लाह म्हणून बसलास. मी वर शपथ घेतली असती तर चार परक्या माणसांत भाईचा पोर खोटा पडला असता. तुझी मिशी फुटत होती तेव्हा.” तो हसला. “आणि तुला दिसलंही असेल. मी कुठं डोळ्यांनी बघत होतो? डोळ्यांतून पाणी चाललेलं थंडीनं.”

खालून जथ्याच्या म्होरक्याचा फोन आला. विमानतळाची बस त्याला घ्यायला आमच्या इमारतीखाली थांबली होती. मी त्याचा झमझमच्या पवित्र पाण्याचा कॅन उचलला. चाचा खुर्चीतून उठला आणि दाराशी माझे दोन्ही हात धरून उभा राहिला. लांब जाणारा माणूस निघताना जे शब्द बोलतो, ते आमच्याकडे लहानमोठ्या सगळ्यांना बोलतात, ते तो बोलू लागला. “वय झालं माझं, परत भेट होईल न होईल. काय बोललो-चाललो असेन, कधी तुझं मन दुखवलं असेन, तर माफ कर.”

“चाचा, आधी तू मला—”

“मी जातोय, तू नाय. जाणाऱ्यानं मागायची. तू दे.”

“माझ्या तोंडून ते निघणार नाही, चाचा.”

“अरे, बस थांबलीय,” तो म्हणाला. त्याने माझे हात सोडले नाहीत. “तू म्हटल्याबिगर मी पाय बाहेर कसा टाकू? म्हण.”

लिफ्टचे दार उघडून मिटले. माझी बायको आतून येऊन आमच्याकडे पाहत उभी राहिली. मी त्याच्या हातांकडे पाहिले आणि म्हणालो, “माफ केलं, चाचा.”

“आमीन,” तो म्हणाला, आणि खाली वाकून चपला शोधू लागला.